जुनं खत, फौरन रवाना

सन १९३८चा उन्हाळा. रोहिणी तोंडावर आल्या होत्या. झरीजवळच्या जहागिरीच्या कचेरीत मी शिपाई होतो. कचेरीत कागदांबरोबर किस्सेही साठतात. कागदांना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही.

मालकांचे धाकटे चिरंजीव हैदराबादहून आले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रयत कशी जगत होती, ते त्यांना लिहायचं होतं. म्हणून आजोबांच्या वेळचा पत्रव्यवहार काढला. मी गठ्ठे सोडायचो, ते मोठ्यानं वाचायचे.

एका पाटलानं लिहिलं होतं, 'हुजुरांनी पाठवलेला घोडा पोचला. स्वाराची वाट पाहत आहोत.'

*

दुसऱ्या पाटलाला त्या वेळच्या मालकांनी गावाची हालत विचारली होती. उत्तर : 'यंदा आपले अंमलदार तपासणीला आले नाहीत. कोंबड्या खुशाल आहेत.'

चिरंजीव म्हणाले, "या एका ओळीत सगळी रयत दिसते."

मला कोंबड्याच दिसल्या.

*

निम्मे गठ्ठे राहिले. चिरंजीव परत गेले आणि तिकडून उर्दूत हुकूम आला : 'दादाजान के जमाने के पुराने खत फौरन रवाना करो.'

कारकून दत्तोपंत नवे. त्यांची उर्दूही नवीच. म्हणाले, "धाकट्या मालकांना जुनं खत पाहिजे. आजोबांच्या वेळचं."

जुनं, मुरलेलं खत गावात एकट्या गिरजाकाकूच्या खड्ड्यात होतं. गाड्या लागल्या तशी ती आडवी आली.

"पेरणी आली, पंत. रानात काय घालू मी?"

"सरकार परत देईल, काकू. धाकट्या मालकांच्या आजोबांच्या वेळचं खत हवंय."

"आजोबाचं कुठलं? माझ्या म्हशीचं हाय ते!"

दोन गाड्या परभणीच्या स्टेशनाकडं गेल्याच.

*

काही दिवसांनी काकू कचेरीत आली. "माझं खत कवा येनार?"

पंतांनी हैदराबादला लिहिलं : 'गिरजाबाई खत के इंतजार में हैं।'

जवाब दोन आले. पंतांना : 'बू पहुँची। खत नहीं पहुँचे।' काकूला अत्तर लावलेला लिफाफा, आत तिच्या तब्येतीची चौकशी. पंतांनी ती वाचून दाखवली. वाचता वाचता त्यांना उर्दू समजली.

काकूनं कागदाचा वास घेतला. "लय झ्याक. किती एकराला पुरंल?"

आभाळ भरून आलेलं. मी म्हणालो, "पंत, धोतर वर खोचा."

कचेरीच्या गोठ्यामागं मोठा उकिरडा होता. आम्ही दोघांनी दोन गाड्या भरल्या आणि काकूच्या रानात रिकाम्या केल्या. काकूनं मूठभर उचललं, चोळून पाहिलं.

"फिटलं," ती म्हणाली.