सकाळी सातचा हात

धनलक्ष्मीच्या गळ्याला रोज सकाळी सात वाजता एक हात लागतो. तो तिच्या सासूचा. म्हातारीचे डोळे काचबिंदूनं गेले, त्याला सहा वर्षं झाली. आंघोळ उरकून ती खुर्चीत बसली की सून कॉफीचा पेला घेऊन समोर वाकते, आणि पेला घेण्याआधी म्हातारी हात पुढे करून सुनेची ताली चाचपते. ताली म्हणजे मंगळसूत्रच; आम्हा कुंभकोणमच्या मराठी घरांत तमिळ शब्द चालतो. हळदीचा जाड दोरा, त्यात दोन पदकं आणि चार सोन्याचे मणी. ताली जागेवर आहे म्हणजे मुलगा बदरीनाथ कुठल्या तरी समुद्रात, त्याच्या जहाजावर, सुखरूप आहे. मग कॉफी प्यायला हरकत नाही.

हे सांगणारी मी अलमेलू, पास्टर जानकीरामची बायको. पास्टरचं नाव जानकीराम कसं, असं कुणी विचारलं तर हे म्हणतात, प्रभूनं हाक मारली ती याच नावानं, मी कशाला बदलू? साक्कोट्टैच्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. साठ-सत्तर माणसं येतात. तीच आमची मंडळी.

धनलक्ष्मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढते. सुई टोचलेली कळत नाही इतका तिचा हात हलका. दिवसाला पन्नास दंड बघणारी ही बाई मात्र पालीला भिते, कुरिअरवाल्याला भिते, फोन वाजला तरी भिते आणि वाजला नाही तर जास्तच. चार वर्षांपूर्वी बदरीनाथच्या जहाजाचा एकोणीस दिवस पत्ता नव्हता. तेव्हा ती लॅबमधून तडक आमच्या शेडमध्ये आली आणि शेवटच्या रांगेत बसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. विसाव्या दिवशी फोन आला. जहाजाचं यंत्र बिघडलं होतं, एवढंच. मी त्याला चमत्कार म्हटलं नाही, पण ती येत राहिली. दर रविवारी, भीत भीत, डोक्यावर पदर घेऊन. कुणी मोबाइल वर केला की ती खांबामागं सरकायची. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, तुझं तू बघ, पण अम्माला कळू देऊ नकोस.

आजकाल मंडळी चालवणं म्हणजे जिवाला घोर. तरुणांना ड्रम हवेत, रंगीत दिवे हवेत, प्रत्येक गाण्याचं रील हवं. शेजारपाजारच्यांना संशय, की आम्ही आत काय करतो. पूर्वी आम्ही बाप्तिस्मा अरसलार नदीत द्यायचो. आता कोण कुठून व्हिडिओ काढेल आणि कुठं पाठवेल, या भीतीनं शेडमागं सिमेंटची टाकी बांधली आहे. आणि ह्यांना सगळ्यात मोठी भीती जगाची. जग मंडळीत शिरता कामा नये. म्हणून बाप्तिस्म्याला अंगावर गुंजभर सोनं नको, तालीसुद्धा नको, हा नियम. सोनं दिसतं तसं जिभेवरचं विष दिसत असतं तर निम्मी मंडळी टाकीत उतरलीच नसती, असं मी ह्यांना म्हणते. हे हसत नाहीत.

नियम मात्र मी पाळला. बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी ताली काढली आणि तशीच माहेरी गेले. आईनं माझा मोकळा गळा बघितला आणि तोंडावर दार लावलं. पुढं वर्षभरात ती वारली, मला कुणी बोलावलंही नाही. ही माझी साक्ष. मंडळीत नवं माणूस आलं की मला ती सांगायला लावतात. मी सांगते आणि बायका डोळे पुसतात.

म्हणूनच धनलक्ष्मीनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, "अक्का, ताली काढायचीच का? आत्याबाई रोज हात लावतात," तेव्हा मी फाडकन म्हणाले, "काढ. मी काढली, मेले नाही."

"हात लावून झाल्यावर काढते. परत आल्यावर घालते."

"म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशीच फसवणूक?"

 मग ती म्हणाली, त्या सकाळी आत्याबाईंना आधीच सगळं सांगते. तुम्ही सोबत या, मला एकटीला भीती वाटते. मी बरं म्हटलं. मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. दुसऱ्याच्या सासूला भिण्याचं काय कारण?

रविवारी सातला पाच मिनिटं असताना मी तिच्या घरी पोचले. म्हातारी खुर्चीत बसलेली, केस ओले. धनलक्ष्मीनं ताली काढून रुमालात बांधली होती आणि रुमाल कमरेला खोचला होता. ती कॉफी घेऊन वाकली.  तिनं तोंड उघडायच्या आत म्हातारीचा हात आला.

बोटं नेहमीच्या जागी गेली. थांबली. मग खांद्याकडे गेली, मानेमागं गेली, पुन्हा पुढं आली. एखादी वस्तू अंधारात शोधावी तशी. 

"बदरी?" म्हातारी म्हणाली. अगदी हळू. "कधी झालं? मज काय म्हणून नाही सांगितलींस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोघी सोन्याचा, देवाचा, नियमाचा विचार करत बसलो होतो. सुनेचा गळा रिकामा झाला म्हणजे आपला मुलगा गेला, यापलीकडे त्या बाईला दुसरा अर्थ असणार कुठून?  मीच ओरडले, "आजी, बदरीनाथ बरा आहे. काही झालं नाही!"

"असंच बोलले होते," म्हातारी म्हणाली. "हे गेले तेव्हां असकेजण मज असंच बोलले होते. बरे आहेत, आस्पत्रींत आहेत. दोन दिवस."

धनलक्ष्मीनं रुमाल सोडला, ताली गळ्यात घातली आणि म्हातारीचा हात धरून तीवर ठेवला. म्हातारीनं हात काढून घेतला. "आतां घालून काय? मज आंधळीस फसवतां?"

मग फोन. बदरीनाथचा नंबर लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तमिळमध्ये रेकॉर्डवरची बाई सांगत होती की संपर्क होत नाही. म्हातारीचा श्वास वर लागला. धनलक्ष्मीनं तिची नाडी धरली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आता सासूची भीती नव्हती, दुसरीच होती. "अक्का," ती पुटपुटली, "परवापासून त्यांचा मेसेज नाही. मी ताली काढली आणि..."  चार वर्षं पवित्र शास्त्र शिकलेली बाई! तिला रागवावं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी प्रार्थना करू लागले, पण तोंडातून एकच वाक्य निघत होतं, प्रभू, फोन लागू दे. शेडमध्ये आठ वाजता सगळे टाकीभोवती उभे राहणार होते, हे मी साफ विसरले.

आठ वाजून गेल्यावर तिकडून फोन आला. जहाज बंदराजवळ आलं होतं, चुकलेले कॉल दिसले होते. धनलक्ष्मीनं फोन म्हातारीच्या कानाला लावला.

"कोण?" म्हातारीनं विचारलं. विश्वास ठेवायला ती तयार नव्हती. "बदरी असशील तर बोल, पायाला काय लागलं होतं तुज, मरुदानल्लूरच्या मठांत?"

तो पलीकडून हसला असावा. काचेचा तुकडा, सहा टाके, आणि भजन चालू असताना मी बोंब मारली होती, असं काहीतरी ऐकू आलं. म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मोठ्यानं रडली.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग गळा काय म्हणून रिता केलीस?"

धनलक्ष्मी खाली बसली. "आत्याबाई, मी येशूची झालें. आज बाप्तिस्मा आहे. तिथं ताली चालत नाहीं."

मी डोळे मिटून घेतले. आता शाप येणार, असंच मला वाटलं.

"एवढंच?" म्हातारी म्हणाली. "पोर जिवंत आहे माझं?" आणि मग, "मज हें आवडलं नाहीं. सांगून ठेवतें. पण जा. ताली मात्र काढूं नको. सकाळीं हातास लागली नाहीं तर मज कसं कळणार?"

आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. धनलक्ष्मीच्या पांढऱ्या साडीवर हळदीचा दोरा उठून दिसत होता. ह्यांनी आधी तो बघितला, मग माझ्याकडे. मंडळीतले ज्येष्ठ प्रवीणकुमार मोठ्यानं खाकरले. मी टाकीच्या काठाशी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, म्हातारीनं गळा चाचपल्याचं, नाडीचं, फोनचं.    मग हे धनलक्ष्मीकडे हात करून म्हणाले, "पायरी निसरडी आहे. सावकाश उतर."

प्रवीणकुमार पुढचे दोन रविवार आले नाहीत.

बाप्तिस्म्यानंतर रिवाजाप्रमाणे मला साक्ष द्यायला उभं केलं. आईनं तोंडावर दार लावलं, हे वाक्य मला पाठ आहे. मी उभी राहिले आणि ते तोंडातून निघेना. ओल्या केसांची धनलक्ष्मी पहिल्या रांगेत बसली होती, आज पहिल्यांदाच पहिल्या रांगेत.

मी म्हणाले, माझ्या आईनं दार लावलं नव्हतं. बावीस वर्षं मी खोटं सांगत आले. ती उंबऱ्यावरच मटकन खाली बसली होती. आज कळतं, तिला वाटलं होतं, जानकीराम गेला. तिनं एक शब्द काढला नाही, फक्त हात वर केला, माझ्या गळ्याकडे. मला वाटलं, ती मारणार. मी मागं सरले, आणि तशीच निघून आले.