हाळीचा पडताळा

डोंगरावरून घातलेल्या हाळीतले (लांबून दिलेल्या सादेतले) शब्द वाऱ्याने पुसून टाकले, तरी उरलेल्या सुराच्या चढउतारावरून निरोप कळतो का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी भातकापणीच्या दिवसांत बार्शीहून नाशिकला आणि तिथून पुढे सुरगाण्याच्या डोंगरात गेलो. तिथे काय पाहिले आणि काय ऐकले, ते क्रमाने सांगतो.

प्रश्न कसा उद्भवला ते आधी सांगितले पाहिजे. चिनी भाषेच्या ध्वनींचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या डॉ. हिराताई एकदा मी शिकवतो त्या शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या. त्यांचा जन्म सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळा, नाशिकचे कॉलेज, मग दिल्लीत चिनी भाषेचे शिक्षण, शिष्यवृत्तीवर चीनमध्ये काढलेली वर्षे आणि नंतर दीर्घकाळ अध्यापन, असा त्यांचा प्रवास. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, हे त्यांनी मुलांना एकाच उदाहरणाने पटवले. ‘माइ’ हा उच्चार खाली दाबून पुन्हा वर उचलला तर अर्थ होतो विकत घेणे. वरून झपकन खाली टाकला तर विकणे. “व्यापाऱ्याचं दिवाळं निघायला तिथे एवढंसं पुरतं,” असे त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही हसली.

वर्गातल्या इतरांना हे सूर ओळखायला महिनोन्महिने लागले, आपल्याला फार थोडे दिवस लागले, असे सांगून त्या म्हणाल्या, “कारण लहानपणी आमचे निरोप दरीपलीकडून यायचे. शब्द वाटेत गळून पडायचे, सूर तेवढा पोहोचायचा.”

शेवटी प्रश्न विचारण्याची वेळ आली. मी उभा राहून विचारले, “हे आपण तपासले आहे का?” मुख्याध्यापकांनी माझ्याकडे रागाने पाहिले. हिराताई मात्र थोडा विचार करून म्हणाल्या, “नाही. तपासलेलं नाही.”

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. “सर, तुमच्यामुळे माझं पुस्तक अडलंय.” पाड्याच्या हाळीने आपला कान घडवला, हे वाक्य त्यांच्या नव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत होते. माझ्या प्रश्नानंतर ते त्यांना तसेच छापवेना. “माहेरची माया वेगळी, पुरावा वेगळा. इतक्या वर्षांत मी एकही हाळी ऐकलेली नाही. आज ऐकून कळली नाही तर वाक्य काढून टाकणार. तुम्ही परीक्षक म्हणून याल का?”

नाशिकला गंगापूर रोडवर त्यांचे घर आहे. पोहोचताच त्यांनी झाकणाच्या पेल्यात हिरव्या पानांचा चहा दिला. तो गवती वासाचा, फिकट आणि बिनसाखरेचा होता. मी संकोचाने दूध मागितले.

“त्यात दूध घातलंत,” त्या म्हणाल्या, “तर आभाराच्या पानावरून तुमचं नाव गेलं म्हणून समजा.”

मी तो चहा चिवड्याच्या आधाराने संपवला. भिंतीवर एका चिनी डोंगरी गावाचे छायाचित्र होते. भाताची खाचरे पायऱ्यांसारखी वर चढत गेली होती आणि चिखलात गुडघाभर उभ्या तरुण हिराताई रोपे लावत होत्या. मी विचारले, “आपण तर ध्वनी टिपायला गेला होता ना?”

“तेच टिपत होते. ‘याला काय म्हणता?’ असं विचारलं की माणूस शाळेत उभा राहिल्यासारखा बोलतो. शेजारी उभं राहून लावणी करा, मग तो घरच्यासारखा बोलतो. माझी सगळी विद्या चिखलातली आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीने निघालो. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. वणी मागे पडली, बोरगावनंतर उतार लागला आणि मुलूखच बदलला. डोंगराच्या उतारांवर नागली (नाचणी) लालसर झाली होती, खालच्या खाचरांत भात पिवळे पडले होते आणि मधूनच खुरासणीच्या (कारळ्याच्या) फुलांचा हळदी पट्टा दिसत होता. सुरगाण्याहून पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका अनोळखी आजींनी स्वतःची कोंबडी ठेवली आणि “धरा जरा” म्हणून त्या निवांत झोपल्या. कोंबडी माझ्यापेक्षा सराईत प्रवासी निघाली. वळणावर ती तोल सांभाळत होती, मी नाही.

पाड्यावर हिराताईंचे धाकटे भाऊ काळूभाऊ आणि त्यांच्या पत्नी जनाबाई राहतात. जनाबाईंनी नणंदेला आपादमस्तक न्याहाळले.

“आली का चीनची राणी? तिकडं भात खायला घालतात का नाय? लय सुकलीस.”

“तिकडं घालतात. तुझ्या नवऱ्याच्याच घरी मिळत नाय,” हिराताई म्हणाल्या. त्यांची पुस्तकी भाषा उंबऱ्याबाहेरच राहिली होती.

आता प्रयोगाची रचना सांगतो. काळूभाऊंचे शेत घरासमोरच्या दुसऱ्या डोंगरसोंडेवर आहे. मध्ये खोल दरी. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराताई आणि काळूभाऊ कापणीसाठी पुढे गेले. मी मागे थांबलो आणि जनाबाईंना एकांतात तीन निरोप दिले: वासरू सुटले, पाहुणा आला, घरात कोणी आजारी पडले. मी पलीकडून पंचा हलवला की त्यांनी यांपैकी कोणताही एक निरोप हाळीने द्यायचा. कोणता, हे मलाही माहीत नसणार. हिराताईंनी तो ओळखायचा. जनाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि “बरं” म्हणाल्या.

मी दरी उतरून, चढून, धापा टाकत शेतात पोहोचलो आणि पंचा हलवला. हिराताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. दरी गप्प होती. मी पुन्हा हलवला. पलीकडे अंगणात जनाबाई स्पष्ट दिसत होत्या. त्यांनीही पदर हलवून मला उत्तर दिले आणि त्या आत निघून गेल्या.

काळूभाऊ विळा थांबवून म्हणाले, “काय सांगून आलात तिला?”

मी तिन्ही निरोप सांगितले. ते खाचराच्या बांधावर बसून हसू लागले.

“सर, वासरू तर खुंट्याला हाय. ती कशी घालील?”

“पण हा प्रयोग आहे, हे मी समजावले होते.”

“तुम्ही तिला समजावलं. त्या समोरच्यांना कोण समजावणार?” त्यांनी हाताने आजूबाजूचे उतार दाखवले. प्रत्येक खाचरात माणसे वाकून कापत होती. “हाळी एकाला नसती. सगळी दरी ऐकती. आजारी म्हटलं की विळे टाकून समदे धावत येतील. आल्यावर त्यांना जेवायला काय घालायचं, तुमचा प्रयोग?”

या डोंगरात खोटी हाळी घालत नाहीत. थट्टेतही नाही आणि शास्त्रासाठीही नाही. हिराताईंनी कपाळावर हात मारून घेतला. “हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही.” त्याही हसल्या, पण मग थोड्या वेळाने दरीकडे पाहत म्हणाल्या, “म्हणजे वाक्य गेलं. मुद्दाम घातलेली हाळी इथे मिळणार नाही, आणि खरी काही आपल्या सोयीने येणार नाही.”

काळूभाऊंनी आम्हा दोघांच्या हातात विळे दिले. “मोकळे उभे राहून काय होणार. कापा.”

आम्ही कापू लागलो. माझी मूठ भाताला पुरेना आणि भात मुठीत राहीना. हिराताईंचा हात मात्र थोड्याच वेळात जुन्या चालीवर आला. वारा वाढला होता. दुपार कलत असताना त्यांचा विळा मध्येच थांबला आणि त्यांनी मान तिरकी केली. मला घारीसारखा एक लांबट आवाज तेवढा ऐकू आला, शब्द एकही नाही.

“जेवायला बोलावतेय,” त्या म्हणाल्या.

काळूभाऊंनी तोंड उघडले तसा मी त्यांना हाताने थांबवले. “भाऊ, आपण बोलू नका. ताई, जेवणाची वेळ झालीच आहे. ते मीही सांगितले असते. आणखी काही?”

“कोणी तरी आलंय. पाहुणा नव्हे. पाहुण्याचा सूर शेवटी वर जाऊन थांबतो. हा खाली घरंगळला. घरचं माणूस घरी आलंय.”

मी काळूभाऊंना बांधाच्या टोकाला नेऊन हळू आवाजात तोच प्रश्न विचारला. त्यांचा चेहरा उजळला होता. “सोमी आली. माझी लेक. नाशकाला नर्सिंग शिकती. येणार म्हणून कोणाला बोलली नव्हती.”

फोनवरून आधी कळले असेल का, ही शंका मी विचारात घेतली. शेतात रेंज नाही. घरात ती फक्त खिडकीच्या एका कोपऱ्यात येते आणि काळूभाऊंचा फोन त्याच कोपऱ्यात टांगलेला असतो. आम्ही दरी उतरून घरी गेलो. ओट्यावर एक मुलगी पाय धूत होती. तिने “आत्या” म्हणत ओल्याच हातांनी हिराताईंना मिठी मारली.

मी जनाबाईंना विचारले, “आपण नेमकी काय हाळी घातली?”

“काय घालणार? जेवायला या, लेक आली. खरं होतं तेच घातलं.” मग माझ्या पानात भाकर टाकत म्हणाल्या, “तुमचं ते वासरू अजून बांधलेलंच आहा (आहे), सर.”

नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी असे जेवण होते. मी प्रयोग यशस्वी झाल्याचे जाहीर केले. हिराताईंनी मान हलवली. “आवाज माझ्या भावजयीचा. ओळखीच्या गळ्याला कान सरावलेला असतो. एवढ्यावर वाक्य छापणार नाही मी.” परीक्षक मी होतो, पण कडक त्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटा परत निघालो. हिराताई कापणी होईपर्यंत राहणार होत्या. रस्त्यावर जीप मिळाली. ती डोंगराला वळसा घालून पाड्याच्या बरोबर खाली आली असेल, तोच ड्रायव्हरने एकाएकी ब्रेक लावला.

“कोणाचं काय राहिलं?” त्याने मागे वळून विचारले.

जनाबाईंनी दिलेली नागलीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर नव्हती. वर पायवाटेवरून सोमी ती डोक्यावर धरून धावत उतरताना दिसली.

मी ड्रायव्हरला विचारले, “आपण काय ऐकलेत? शब्द कोणते?”

“शब्द कुठले, सर. इंजिन चालू हाय.”

“मग कसे कळले?”

“हाळी आली ना. थांब, राहिलंय म्हणून.”

“कोणी घातली?”

त्याने काचेतून वर पाहिले. डोंगराच्या कडेवर एक बाई उभी होती. “गळा ओळखीचा नाय,” तो म्हणाला. “पण हाय आपल्यातलीच.”

सुरगाण्याला रेंज येताच मी पाड्यावर फोन लावून हिराताईंना हे शब्दशः सांगितले. मग त्यांनी परीक्षकाचा प्रश्न विचारला, “ड्रायव्हर कुठला?”

“पलीकडच्या खोऱ्यातला. ताई, आपला गळा तो ओळखत नाही. मी खात्री करून घेतली आहे.”

“मग राहू द्या, सर,” त्या म्हणाल्या. “वाक्य राहू द्या.”

मी बार्शीला परतलो. पिठाच्या भाकरी घरी थापल्या गेल्या; त्या फाटल्या, पण चवीला चांगल्या झाल्या. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला ‘होय’ असे मिळाले आहे. तथापि ते एकाच दरीतले आणि दोनच हाळ्यांचे उत्तर आहे, ही मर्यादा मी मान्य करतो. म्हणून वाचकांना साधी विनंती आहे. आपल्या गावाजवळ टेकडी असेल, तर वारा असलेल्या दिवशी एकाला पलीकडच्या उतारावर उभे करा, आपण अलीकडे राहा आणि स्वतः पडताळून पाहा. निरोप मात्र खरा असू द्या.