तिने ठरवलेली माझी साक्ष

“नॉट धिस साडी. टू नाइस.”

असं म्हणून लिंडा सिस्टरने दानाच्या कपड्यांच्या खोक्यातून एक विटकी साडी काढली आणि माझ्या हातात दिली. काठ उसवलेला. कुबट वास. मी आईची नारायणपेठी नेसून आले होते, कारण त्या रविवारी मला साक्ष द्यायची होती. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. आमच्यात साक्षीला माणूस कपाटातलं सगळ्यात चांगलं नेसून जातो. आणि ही बाई मला म्हणतेय, चिंध्या नेस.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पास्टर, शेजारीच उभे होते. मला वाटलं, ते तरी काही बोलतील.

“बदल गं,” ते म्हणाले. “पाहुणे लांबून आलेत. तासाभराचं तर काम.”

पाहुणे म्हणजे लिंडाच्या देशातल्या चर्चची माणसं. तिला इकडे मिशनरी म्हणून सेवेला पाठवणारी. आमच्या पोरीने इंडियात जाऊन काय केलं, ते बघायला आलेली. बघायला काय, तर मी.

साडी मी खुर्चीवर ठेवली. बदलली नाही. पण वादही घातला नाही. तळोज्याला मंडळीची नवी बालवाडी सुरू होणार होती आणि तिथे बाई म्हणून माझं नाव लिंडानेच सुचवलं होतं. बालवाडीचा कोर्स करून मी घरी बसून होते. ती नोकरी मला हवी होती. जीव तोडून हवी होती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. जुईनगरला तेव्हा इमारती नुकत्या उठत होत्या. लिंडाने आमच्याच बिल्डिंगमध्ये खालची खोली घेतली. तिला इथलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बादलीत पाणी घेऊन तांब्याने अंघोळ करायची, इथपासून मी शिकवलं. नळाला पाणी आलं की भरून ठेवायचं. रिक्षावाला मीटर बिघडलाय म्हणाला की सरळ उतरायचं. आल्या आल्या बाईचं पोट बिघडलं, तर आईने पेज करून घातली. घरच्या आठवणीने रडायची, तेव्हा आई नुसती जवळ बसायची, भाषा येत नव्हती तरी. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. म्हणून तर जास्त झोंबलं.

आता घोळ कसा झाला ते ऐका. आमी जालन्याकडचे. आजोबांपासून ख्रिस्ती. गावातली मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले आजोबा, आणि स्वतःच्या पायांनी चालत मिशनच्या देवळात गेले. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पण आईच्या गळ्यात काळे मणी, हातात हिरव्या बांगड्या. बाबा घरच्या प्रार्थनेला टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे. आमच्यात असंच असतं. लिंडाने मणी बघितले, टाळ ऐकले आणि ठरवून टाकलं की ही माणसं मूर्तिपूजक. पुढे आम्ही देवळात दिसलो, तर तिला वाटलं, आपल्याच प्रार्थनेने आली! अगं, विचारायचं ना मला. रोज माझ्याबरोबर चहा पीत होतीस.

पाळकसाहेबही जालन्याकडचेच, त्यांना आमच्या तिन्ही पिढ्या ठाऊक. ते गप्प बसले, कारण पाहुणे खूश झाले की देवळाचे गळके पत्रे बदलून मिळणार होते.

त्या रविवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आधी लिंडा बोलणार, मी नेहमीसारखं तिचं मराठीत सांगणार, मग माझी साक्ष. एवढंच ठरलं होतं.

“धिस गर्ल वॉज बॉर्न इन डार्कनेस.”

“ही मुलगी अंधारात जन्मली,” मी सांगून मोकळी झाले. सवयच ती. मागून एक मावशी म्हणाली, “कोन मुलगी गं?”

लिंडाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हर फादर वर्शिप्ड आयडल्स. आय ब्रॉट देम टू द लॉर्ड.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. बाबा समोरच बसले होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मराठीत मी काय सांगते, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी हे त्यांना सांगायचं? माझ्या तोंडाने?

“नो.”

तिला वाटलं, माझा शब्द अडला. तिने तेच वाक्य सावकाश परत म्हटलं.

“आय अंडरस्टूड. इट इज नॉट ट्रू.”

मग मंडळीकडे वळले. “सिस्टर म्हणतायत, माझा बाप मूर्ती पूजायचा आणि यांनी आम्हाला देवाकडे आणलं. हे खोटं हाय. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा यांचा जन्मपण झाला नव्हता.” तेच पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं.  

लिंडा लालबुंद झाली, रडायला लागली. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. नंतर मला बाहेर गाठलं.

“मस्ती आलीय तुला. परक्या देशातून आलेल्या बाईचा अपमान केलास.”

“आणि माझा झाला तो?”

“तुझं काय एवढं?”

तुझं काय एवढं! साडीपेक्षा, त्या अंधारापेक्षा हे जास्त लागलं. अजून लागतं.

घरी बाबा म्हणाले, “जरा दमानं घ्यायचं, पोरी. बालवाडी गेली ना.” मला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी लिंडा दारात. “आय फॉरगिव्ह यू.” माफ केलं म्हणे! मी मागितली होती का?

“माझ्या बाबांची माफी माग,” मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती गेली.

मग पाळकसाहेबांचा निरोप. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माफी माग, बालवाडी तुझी.

रविवारी गेले. त्यांनी हाताने खूण करून पुढे बोलावलं. मी जागेवरच उभी राहिले.

“मी भक्तीला आलेय. माफी मागायला नाही.”

आणि खाली बसले.

बालवाडी दुसरीला मिळाली. मिळू दे. देऊळ मी सोडलं नाही, सोडणारही नाही. माझं तोंड ज्यांना खुपतं, त्यांनी दुसरं देऊळ बघावं. माझ्याबद्दल, माझ्या बापाबद्दल कुणी खोटं बोललं, तर समोर पाळक असो नाहीतर परदेशी पाहुणा, मी भर उपासनेत उठणार. खाली बसवलं, तर परत उठणार.