शकुंतलाबाईंची हरळी

शकुंतला सोमकुवर आपल्या घरापुढं गवत पेरणार आहे हे कळलं, तेव्हा सगळ्यात आधी तिची मायच भडकली.

कमलबाईचा राग खोटा नव्हता. मोहगावकडं दुसऱ्यांच्या कपाशीत निंदण करण्यातच तिचा जन्म गेला होता. खुरप्याच्या मुठीनं उजव्या तळहाताला पडलेला घट्टा अजून तसाच टणक होता. लहानपणी शकुंतलाही शाळा सुटली की मायच्या मागं कपाशीच्या तासात उकिडवी बसून निंदायची. आता लेक पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जावई वामन नदीपल्याड सावरगावच्या शाळेत मास्तर होता. दोघांनी मिळून गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि मायला आपल्याजवळ आणलं. अन् त्याच घरापुढं ही पोरगी आता हरळी पेरणार!

"हरळी? अवं, कपाशीचा जीव घेते ते! बकऱ्या पाळाच्या हायेत का तुले?"

"नाई वं माय. बसाले पाहिजे."

"बसाले खाट हाय ना घरात!"

शकुंतलाच्या डोक्यात ही गोष्ट जबलपूरला ट्रेनिंगला असताना शिरली होती. होस्टेलपुढं हिरवंगार लॉन होतं. संध्याकाळी मुली त्यावर पाय पसरून गप्पा मारायच्या. पहिल्या दिवशी शकुंतला त्यांच्यात जाऊन बसली आणि बसल्या बसल्या तिचा हात आपोआप गवत उपटायला लागला. शेजारच्या मुलीनं "ये क्या कर रही हो?" असं विचारलं तेव्हा ती भानावर आली. मुठीत गवत होतं. गवतात नुसतं बसायचं असतं, हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. आपल्या घरापुढं असं लॉन असेल, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात वामननं नागपूरच्या एका नर्सरीतून बी आणलं. खसखशीपेक्षाही बारीक. शेजारचे रामाजी कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "मास्तर, हरळी तं बांधावर फुकट भेटते. बी कायले विकत आणता?"

उत्तर शकुंतलानं दिलं. "बांधावरची आणली का तिच्यासंगं लव्हाळ्याच्या गाठी येतात, भाऊ. त्या एकदा आल्या का जात नाईत. आपण दोघंबी शेतातलेच ना!"

तिनं काळी माती वरवर उकरली, बी फेकलं आणि चार दिवसांनी असा पाऊस कोसळला की अंगणातली माती बियांसकट वाहत फाटकाबाहेर गेली. दोन आठवड्यांनी रस्त्याकडेच्या नालीत दाट, कोवळी, सुंदर हरळी उगवली. अंगणात एक काडी नाही. येणारे-जाणारे थांबून हसायचे. एक्स्चेंजमध्येही कुणीतरी विचारलं, "काय बाई, नालीचं पीक कसं हाय?"

पाऊस उघडल्यावर तिनं पुन्हा पेरलं. या वेळी रामाजींच्या कोंबड्यांनी एका दुपारी सगळं अंगण उकरून बी वेचून खाल्लं. रामाजी ओशाळले. पण कोंबडीला काय बोलणार!

वामन शांत माणूस. तो म्हणाला, "आपण फरशी टाकून घेऊ. चिखलाचाही त्रास जाईल."

"उन्हाळ्यात फरशीवर पाय ठेवून पाहा, मंग सांगा मले," शकुंतला म्हणाली. "दोनदा हुकलं म्हणजे काय हुकलं ते तं कळलं ना? आता तिसऱ्यांदा नाई हुकणार."

पुढच्या पावसाळ्यात तिनं घाई केली नाही. सुटीच्या दिवशी पाऊस आला की ओट्यावर छत्री घेऊन बसायची आणि पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठून पळतं, ते बघायची. मग फाटकाकडचा भाग भरून घेतला, कडेनं मातीची छोटी मेर घातली आणि पाण्याला एका बाजूनं हळू वाट काढून दिली. जाम नदीची रेती बैलगाडीनं आणली. रेती आणि कुजलेलं शेणखत काळ्या मातीत वीतभर खोल मिसळलं. ढेकळं हातानं फोडली, जुनी मुळं वेचून काढली. वामन शाळेतून आला की बाही वर करून कुदळ घ्यायचा. कमलबाई ओट्यावर डाळ निवडत बसायची आणि लेकीकडं पाठ करून घ्यायची.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची नदीवरची दगडफेकीची जत्रा, गोटमार, आटोपली. पावसाचा जोर ओसरला, पण माती अजून उबदार होती. शकुंतलानं बी कोरड्या रेतीत मिसळलं, म्हणजे मूठ सारखी पडते. आधी उभं फेकलं, मग आडवं. वरून चाळलेल्या मातीचा हलका थर दिला, फळी ठेवून तिच्यावर उभं राहत सगळीकडं दाबलं आणि कापसाच्या जिनिंगमधून आणलेली जुनी बारदानं वर अंथरली. कोंबड्या आल्या, बारदानावर दोन-चार चोची मारल्या आणि निघून गेल्या. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी आणि आल्यावर ती झारीनं बारदानं भिजवायची. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून खांदे भरून यायचे.

आठवडा गेला. रोज ती बारदानाचं टोक उचलून बघायची. नुसती माती. वामन काही विचारत नसे, आणि ते तिला जास्त लागायचं. मग एका सकाळी टोक उचललं तर मातीवर हिरवी लव दिसली, इतकी बारीक की डोळे मिचकावून पुन्हा बघावं लागलं. ती तिथंच मांडी घालून बसली. त्या दिवशी ड्यूटीवर उशिरा पोचली आणि बोलणी खाल्ली.

बारदानं निघाली. हरळी वाढायला लागली, पण तिच्यासोबत दुसरं तणही उठलं. केना, दुधी, गाजरगवत. रविवारी निंदू, असं शकुंतलानं ठरवलं.

शनिवारी ती घरी आली तर कमलबाई अंगणाच्या मधोमध उकिडवी बसलेली, हातात खुरपं, बाजूला उपटलेल्या गवताचा ढीग. पर्स फाटकातच टाकून ती धावली.

"माय! काय केलं वं हे?"

कमलबाईनं मान वर केली नाही. "पाय सांभाळ. कोवळं हाय."

शकुंतलानं ढीग चाळून पाहिला. केना होता, दुधी होती, गाजरगवत मुळासकट होतं. हरळीची एक काडी त्यात नव्हती.

"सकाळपासून करून राहिली," कमलबाई म्हणाली. "लई जड गेलं, पोरी. हात हरळीकडंच जाते. सारा जन्म तेच उपटलं ना! एकेक काडी पाहून पाहून सोडा लागली." मग केन्याची एक मुळी उपटत म्हणाली, "तू ऐकत नाईस कोनाचं. तीनदा पेरलं. मंग म्या म्हटलं, आता ते तणानं मरू नये."

शकुंतलानं घरातलं दुसरं खुरपं आणलं आणि ती मायच्या शेजारी बसली. अंधार पडेपर्यंत दोघींनी उरलेला तुकडा निंदून काढला.

दिवाळीच्या आधी पहिली कापणी झाली, वामनच्या आईच्या जुन्या विळ्यानं, वरचा शेंडा तेवढा. त्यानंतर हरळी अशी पसरली की माती दिसेनाशी झाली. संध्याकाळी वस्तीतल्या बाया यायच्या. आधी सतरंजी मागायच्या, मग सतरंजी नको म्हणायच्या. पलीकडच्या घरातल्या विजयाबाई निवडायला मेथी घेऊन यायच्या, रामाजींची सून लेकरू घेऊन यायची आणि ते उघड्या पायांनी पडत-उठत चालायचं. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तेव्हा बायांनीच आपापल्या घरून धुणं खळबळल्याचं पाणी आणून घातलं.

कमलबाई मात्र बराच काळ ओट्यावरूनच हुकूम सोडायची. "चपला बाहेर! चपला बाहेर काढा!" मग पुढच्या हिवाळ्यातल्या एका दुपारी शकुंतला लवकर घरी आली. ओट्यावर कुणी नव्हतं. माय गवतात उताणी झोपली होती, तोंडावर पदर, दोन्ही तळहात उघडे. शकुंतलानं फाटकाची कडी वाजू न देता लावली आणि ती मागच्या दारानं घरात गेली.