आक्कांच्या वाफ्यात

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढं लिहायचं काम पडलं ते सहीपुरतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आक्कांची लेक सारिका म्हणाली, "काकी, तुमाला चार माणसांत बोलता येत न्हाई, तर लिवून तरी काढा." खरंच येत नाही. दहाव्याला घाटावर दोन बायका माझ्या मागं उभ्या राहून म्हणत होत्या, त्या येड्याच्या गोळ्यांनीच हिला नेलं. मी तेव्हाही गप्प राहिले. म्हणून हे लिहिते आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. सकाळी चहाचं आधण ठेवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयाची शीर बंद झाली, असं डॉक्टर म्हणाले. सारिकानं त्यांना गोळ्यांचं मुद्दाम विचारलं, मी शेजारीच उभी होते. पण त्या गोळ्या आक्कांनी दिवाळीपासून घेतलेल्याच नव्हत्या, कारण डोकं उठायचं जवळजवळ थांबलं होतं. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल.

मी लग्न होऊन येडगावला आले तेव्हापासून आक्कांची अर्धशिशी बघत होते. आधी डाव्या डोळ्यासमोर पाण्यावर ऊन हलावं तसं काहीतरी हलायचं, मग अर्धं डोकं ठणकायला लागायचं. उजेड सोसायचा नाही, भांड्याचा आवाज सोसायचा नाही, पोटात पाणीसुद्धा ठरायचं नाही. दोन-दोन दिवस त्या पदरानं डोकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या. उपाय सगळे झाले. दिवस उगवायच्या आत दुधात जिलबी खाऊन झाली, सुंठ उगाळून झाली, कानशिलावर डागूनसुद्धा झालं. तो डाग शेवटपर्यंत होता. आणि तिसऱ्या दिवशी ह्याच बाई पहाटे उठून बारा-चौदा बायकांची टोळी घेऊन कांदा लावायला निघायच्या.

टोळी आक्कांची होती. इकडं येडगावपासून तिकडं निरगुडसरपर्यंत शेतकरी त्यांना फोन करायचे, कारण त्यांच्या टोळीनं लावलेलं रोप वाकडं नसायचं आणि दाटही नसायचं. कांदा लावताना एका वाफ्यात दोघी बसतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि लावत लावत बरोबरीनं मागं सरकतात. सोबतीणीचा हात आपल्या हाताशी जुळावा लागतो. नाहीतर एकीचं काम दुसरीच्या अंगावर पडतं. म्हणून आपली सोबतीण कोण, याला टोळीत फार मान. आक्कांच्या वाफ्यात बसायला तर बायका आधीच नंबर लावायच्या.

चार वर्षांपूर्वी ऐन लागवडीत त्यांचं डोकं असं उठलं की ओकून ओकून त्या बांधावरच आडव्या झाल्या. मी त्यांना पिकअपमध्ये घालून नारायणगावला नेलं. तिथं दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं, सलाईन लावलं आणि एक सुई दिली. म्हणाल्या, "यानं झोप येईल. उठल्यावर लगेच उभं करू नका, चक्कर येईल. कुणीतरी जवळ बसा." मी बसले. अर्ध्या तासात आक्कांच्या कपाळावरची आठी सुटली... इतक्या वर्षांत अशा दुखण्यात मी ती आठी सुटलेली कधी पाहिली नव्हती. तीन तासांनी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "मंगल, भूक लागलीया."

डॉक्टरीणबाईंनी मग रोजची एक बारीक गोळी चालू केली आणि डोकं उठायला लागलं की घ्यायची त्या सुईतल्याच औषधाची वेगळी गोळी लिहून दिली. ती महिन्यात मोजक्याच वेळा घ्यायची आणि घेतली की आडवं व्हायचं, हे दोनदा बजावलं. औषध अगदीच सोपं होतं असं नाही. एकदा सुईनंतर आक्कांचे पाय स्वस्थ राहीनात, उठू का बसू झालं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध देऊन ते थांबवलं आणि पुढच्या वेळी सांभाळून दिलं.

चूक झाली ती माझी. एकदा गोळ्या आणायला मी एकटीच औषधाच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घरात येड कुनाला लागलंय?" अर्धशिशीला आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही. मान खाली घालून पैसे दिले आणि बाहेर आले. मागं आमच्याच गावची एक बाई उभी होती, हे मला पायरी उतरताना दिसलं.

चौथ्या दिवशी पिकअपमध्ये आक्कांच्या शेजारची जागा मोकळी राहिली. रानात जोड्या लागल्या. आक्का वाफ्यात एका अंगाला बसल्या, समोर कुणीच आलं नाही. मी उठून जाणार तोच त्यांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं. तो अख्खा वाफा त्यांनी एकटीनं लावला, या अंगानं आणि मग त्या अंगानं. संध्याकाळी मी रडत रडत दुकानातलं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तू गप बसलीस, म्हंजी माझ्या वतीनं व्हय म्हनून आलीस." थोरल्या भाऊजींना राग आला तो गोळ्यांचा. गोळ्या उकिरड्यावर टाक, डोकं दुखतं ते दुखू दे, टोळी मोडली तर इतक्या वर्षांचं नाव जाईल, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि सरळ विचारलं, हे औषध वेड्याचं आहे का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोटं नाही मावशी. मनाच्या आजाराला हे जास्त प्रमाणात, रोज देतात. अर्धशिशीच्या झटक्याला थोडंसं, तेवढ्यापुरतं. यानं ओकारी थांबते, डोकं शांत होतं. तुम्हाला नको असेल तर दुसरं बघू, पण हे तुम्हाला लागू पडतंय." आक्कांनी गोळ्यांचं पाकीट परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "लागू पडतंय तर कशाला बदलायचं?"

त्यानंतरच्या दिवशी दुपारी भाकरीला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा आक्कांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि भाकरीच्या फडक्यावर ठेवलं.

"ह्याच त्या. खरं हाय, येड लागलेल्या मान्साला पन देत्यात. मला अर्धशिशीला दिल्यात. ज्याला माझ्या वाफ्यात बसायचं न्हाई त्यानं दुसरी टोळी धरावी, माझा राग न्हाई. पन माघारी कुजबूज नको."

टोळीत धोंडामावशी सगळ्यांत म्हाताऱ्या आणि तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "मंग आमाला चावनार-बिवनार न्हाईस ना गं?"

"तुला चावून माझं हायेत ते दात कशाला घालवू?"

हसू फुटलं. धोंडामावशींनी आपली चटणी आक्कांच्या भाकरीवर ठेवली. हसणं थांबल्यावर आक्का जरा हळू बोलल्या, "आन् येड्याचं आसलं म्हनून ते ईख हाय का? त्या मान्साला बरं वाटावं म्हनूनच देत्यात ना..." भाकरीनंतर धोंडामावशी कुणाला न विचारता आक्कांच्या वाफ्यात समोर जाऊन बसल्या. आमची टोळी मोडली नाही. दोघी सोडून गेल्या होत्या, त्यातली एक पुढच्या हंगामात परत आली.

पण मला अभिमान वाटतो तो एवढ्याचाच नाही. त्या दुपारी पाटावर हात धुताना टोळीतली सुलभा आक्कांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पाण्याकडं बघतच म्हणाली, त्या डाक्टरीनबाई कुठं बसत्यात? तिची थोरली बहीण नंदा सासरहून परत आली होती. घरचे सांगायचे, ताप येतो. खरं म्हणजे ती दोन वर्षं मागच्या खोलीत बसून स्वतःशीच बोलत होती. आक्का स्वतः बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पुण्याच्या मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. गाडीभाडं, तपासणी, पहिल्या तीन महिन्यांची औषधं, सगळं आक्कांनी भरलं. सुलभा म्हणाली, हे उसने समजा, आम्ही फेडू. आक्का हो म्हणाल्या, कारण नाही म्हटलं असतं तर लाजेनं ती पुन्हा मदत मागायला आली नसती.

वर्षानं नंदा टोळीत आली. हात सावकाश, पण रोप सरळ. तिला कुणाच्या जोडीला द्यायचं, असं मी विचारलं. आक्का म्हणाल्या, "माझ्या." एवढ्या सावकाश हाताबरोबर बसायचं म्हणजे आक्कांवरच जास्त काम. त्यांनी दोन हंगाम तसेच काढले, आणि तिसऱ्या हंगामात नंदाचा हात त्यांच्या बरोबरीनं चालायला लागला.

मागच्या आठवड्यात नंदा आमच्याकडं आली. आक्कांच्या फोटोला नमस्कार केला, माझ्यासमोर बसली आणि रुमालाची गाठ सोडून पैसे पुढं ठेवले. म्हणाली, दर हंगामाला आक्कांना थोडे थोडे दिले होते, एवढेच राहिले होते. सुलभाचे नाहीत, माझ्या लागवडीचे आहेत. मी म्हटलं, आता राहू दे. तिनं मान हलवली.

"मोजून घ्या, मंगलताई."

मोजायची काही गरज नव्हती. पण ती माझ्या हाताकडं बघत होती, म्हणून मी एकेक नोट खाली ठेवत, तिला ऐकू जाईल अशा आवाजात मोजली. पैसे पूर्ण होते. "फिटले," मी म्हटलं, आणि ती उठली.