व्हीलचेअरला पैसे आहेत, ढकलणाऱ्या मावशीला नाहीत

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी फक्त सेवाभावी संस्थांचे हिशेब बघते. आज तळवड्यात दिव्यांग मुलांच्या एका शाळेत होते. चाकणच्या एका कंपनीने शाळेला सीएसआरमधून निधी दिलाय. त्यातून व्हीलचेअर घेतल्या, आणि आज कंपनीचे साहेब खर्च तपासायला आले होते.

मुलांना उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, संडासला नेणाऱ्या सुनीतामावशींचा पगार मी त्याच खर्चात धरला होता. साहेबांनी त्यावर सरळ काट मारली. "पगार म्हणजे ऑफिस खर्च. आमचा पैसा फक्त मुलांसाठी आहे."

मी म्हटलं, "अहो, मावशी ऑफिसात पाऊलसुद्धा टाकत नाहीत!"

शाळेचे अध्यक्ष इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. ते म्हणाले, "सायेब, खुर्ची काय आपोआप चालती व्हय?"

"पॉलिसी आहे, काका." विषय संपला.

मग फोटो. साहेबांना चालती व्हीलचेअर हवी होती. मावशी छोट्या ओंकारला खुर्चीत बसवून रॅम्पवरून उतरू लागल्या. अर्ध्यात साहेब मोबाइल रोखून ओरडले, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा! फक्त मुलगा आणि खुर्ची पाहिजे."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "होते की. आधी खुर्ची तुम्ही धरा."

धरावीच लागली. मोबाइल माझ्या हातात आला, फोटो मी काढला. उतारावर दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून उभे असलेले घामाघूम साहेब.

अहवालाला तोच फोटो जोडतेय. खाली 'ऑफिस खर्च' असं लिहू ना?