टिटवीसाठी सोडलेलं रान

लग्नानंतर मी हैदराबादला निघाले त्या सकाळी अण्णा घरात नव्हतेच. जीप दारात उभी, आई ओटी भरतेय आणि आपले वडील रानात! दादा, तूच मला त्यांच्याकडे घेऊन गेलास. वखर थांबवून ते उभे होते. काळ्या ढेकळांत टिटवीची चार अंडी. घरटं कसलं, नुसता खळगा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. अण्णांनी चारी बाजूंना तुराट्या रोवल्या आणि वखर वळवून घेतला. "आधी तिचं होऊ दे, मग आपलं," म्हणाले. मला निरोप असा तेवढाच.

हैदराबादेत तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला. भाजीवाल्याशी दक्खनीत हुज्जत घालायला शिकले. पण दर उन्हाळ्यात फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, टिटवी बसली का? तू हसायचास. "बसली की! तुझीच वाट बघायलीय."

अण्णा गेल्यावर तू हक्कसोडीवर सही मागितलीस. मी मुकाट्यानं केली. बदल्यात एकच मागितलं, रान विकायची वेळ आली तर आधी मला सांग. "तुला न सांगता ढेकूळसुद्धा हलायचं नाही," तू म्हणालास. मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कुणावर?

या उन्हाळ्यात तू फोटो पाठवलास. चार ठिपकेदार अंडी, अगदी खरी. मुलीला दाखवायला मोठा केला, तर अंड्यांखाली तांबडा मुरूम. आपल्या काळ्या रानात मुरूम कुठला? कडेला चुना फासलेला दगड, त्यावर प्लॉटचा नंबर. मुलगी गोंधळली. "मम्मी, अंडे हैं ना, फिर कायकू रो रे?"

तुला फोन केला. "टिटवी बसायलीच की अजून," तू म्हणालास. "मी खोटं कुठं बोललो?"

खरंय. टिटवीला उघडी जमीन दिसली की पुरे, तिला सातबारा लागत नाही. रान विकलंस याचा राग नाही, दादा. तुझ्या अडचणी असतील. पण विकून झाल्यावरही तू माझ्याशी तसंच हसत बोलत राहिलास. केसानं गळा कापलास माझा.

इथं नवीन ओळख झाली की लोक विचारतात, "आपका गाँव कौनसा?" आजवर मी गावाचं नाव सांगून वर रानाचं कौतुकही ऐकवायचे. परवा लिफ्टमध्ये एकीनं विचारलं. मी म्हणाले, तारनाका.